कष्टकऱ्यांचा देव आणि सातवा दिवस

जुन्नर तालुक्यात, पुण्याहून नाशिकास जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास, आळे नावाचे गाव आहे. तेथे एका रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मसभेपुढे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखाने वेद वदविले तोच हा रेडा. भावंडांबरोबर परतीच्या वाटेवर असता तो येथे निजधामास गेला, अशी श्रद्धा आहे. ही कथा आपल्या घरोघरी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. तिच्यातील चमत्कार आपल्या ध्यानात राहतो. परंतु तो रेडा पखाली वाहणारा होता, त्याच्या पाठीवर आसूड पडत होता, आणि ते वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले, ही गोष्ट आपण चटकन विसरतो. सभेने विचारले होते ते एवढेच, की ह्या पोरांस शुद्ध करून घ्यावयाचे की नाही. उत्तर आले ते ओझे वाहणाऱ्या जिवाच्या तोंडून.

ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याच्याच तोंडून धर्म बोलतो, असा ह्या कथेचा एक अर्थ लावता येतो. आपल्याकडे तो फार थोड्यांनी लावला. परंतु पूर्वेकडील कोरिया देशात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नेमक्या ह्याच विचारावर एक संपूर्ण धर्मशास्त्र उभे राहिले, आणि तेही एका शिंप्याच्या मृत्यूमुळे. त्या धर्मशास्त्रास 'मिनजुंग' धर्मशास्त्र म्हणतात. मिनजुंग म्हणजे सामान्य जनता. राबणारी, तुडविली गेलेली माणसे. हा इतिहास आम्ही वाचू लागलो तो परक्या देशाच्या कुतूहलाने. पण वाचता वाचता वारंवार जुन्नर आणि आंबेगाव ह्या आपल्याच मुलखाची आठवण होऊ लागली. ती का, हे पुढे येईलच.

सेऊल शहरात एका ओढ्याकाठी 'शांतीबाजार' नावाची कपड्यांची मोठी पेठ होती. तिच्या माळ्यांवर हजारो मुली शिवणकाम करीत. छत इतके ठेंगणे की ताठ उभे राहता येत नसे. कापडाच्या धुरळ्याने फुप्फुसे भरत. दिवसाचे काम चौदा-चौदा तास आणि विसावा महिन्यातून दोन रविवार. त्यांतील कित्येक मुली आपल्याकडे मराठी शाळेच्या शेवटच्या इयत्तांत असाव्यात अशा वयाच्या. चॉन ते-इल हा तरुण तेथे कापड बेतण्याचे काम करी. तो ख्रिस्ती होता व देवळातील रविवारच्या शाळेत मुलांस शिकवीत असे. उपाशी मुलींस खाऊ घेऊन देण्यात तो आपले बसभाडे खर्च करी आणि रात्री कित्येक मैल पायी घरी जाई.

पुढे त्यास शोध लागला, की ह्या देशात १९५३ सालापासून कामगारांच्या रक्षणाचा कायदा अस्तित्वात आहे. कामाचे तास, सुटी, प्रकृतीची तपासणी, सर्व काही त्यात लिहिलेले आहे. त्याने ते पुस्तक मिळविले. परंतु ते चिनी अक्षरांनी भरलेले! कोरियन भाषेची स्वतःची सोपी लिपी असताना विद्वानांचा व राज्यकारभाराचा व्यवहार पुष्कळसा चिनी अक्षरांतच चाले, आणि शाळा सुटलेल्या शिंप्यास ती वाचता येत नसत. आपला एखादा महाविद्यालयात शिकणारा मित्र असता तर किती बरे झाले असते, असे तो म्हणे. आपल्या हिताचा कायदा आपल्यालाच न कळणाऱ्या अक्षरांत असावा, ह्या दुःखाचे स्वरूप महाराष्ट्रास समजावून सांगण्याची गरज नाही. ज्ञानेश्वरी ज्या कारणासाठी लिहिली गेली, आणि सहाशे वर्षांनी जोतीराव फुल्यांनी मराठीत मंगलाष्टके ज्या कारणासाठी रचिली, ते कारण हेच.

त्याने कामगारांची पाहणी केली, सरकारी कचेरीत अर्ज दिले, राष्ट्राध्यक्षास पत्र लिहिले. मागण्या फार माफक होत्या. कामाचे तास कमी करा, दर रविवारी सुटी द्या, मुलींची प्रकृती खरोखरीच तपासा. कोणी लक्ष दिले नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी तो कायद्याचे पुस्तक जाळण्याच्या सभेस गेला आणि त्याने स्वतःलाच पेटवून घेतले. आम्ही यंत्रे नाही, कायदा पाळा, असे ओरडत तो धावला. वय अवघे बावीस. त्याच महिन्याच्या अखेरीस तेथील शिवणकामगारांचा संघ स्थापन झाला. त्याची आई ली सो-सॉन २०११ साली मृत्यू पावेपर्यंत चाळीस वर्षे कामगारांच्या कार्यात राहिली. लोक तिला कामगारांची आई म्हणत.

आत्मघात हे ख्रिस्ती शिकवणुकीप्रमाणे पाप. मग ह्या मृत्यूस काय म्हणावयाचे? हा प्रश्न सॉ नाम-दोंग आणि आन ब्योंग-मू ह्या दोघा प्राध्यापकांस स्वस्थ बसू देईना. दोघेही विद्वान धर्मशास्त्री. आन ह्यांचे शिक्षण जर्मनीत झालेले. आन ह्यांनी मार्कच्या शुभवर्तमानाचे मूळ ग्रीक पुन्हा वाचावयास घेतले व त्यात येशूच्या भोवती जमणाऱ्या गर्दीसाठी योजलेल्या शब्दावर बोट ठेवले. तो शब्द सन्मान्य 'प्रजे'चा नव्हे. बाजारबुणगे, करवसुलीदार, रोगी, बिनजमिनीचे अशांच्या घोळक्याचा आहे. ही गर्दी म्हणजे कथेची पार्श्वभूमी नव्हे, तिच्यावाचून येशूची कथाच नाही, असे त्यांचे प्रतिपादन. सॉ ह्यांनी 'हान' ह्या कोरियन शब्दावर आपला विचार उभारला. दाबून ठेवलेला, पिढ्यान्‌पिढ्या साचलेला, बोलता न येणारा सल म्हणजे हान. उपाध्यायाने पापाची क्षमा वाटीत बसू नये, त्याने लोकांच्या ह्या सलास वाचा द्यावी, असे ते सांगत. पाप हा शब्द बहुधा वरच्यांनी खालच्यांवर लावलेला असतो, हेही त्यांनी निर्भीडपणे लिहिले. १९७५ साली दोघांची अध्यापकपदे गेली आणि पुढल्या वर्षी लोकशाहीच्या मागणीच्या एका जाहीरनाम्यावर सही केल्याबद्दल त्यांस तुरुंगवास घडला.

तथापि ह्या धर्मशास्त्राचा खरा जन्म ग्रंथालयात झाला असे म्हणणे चूक होईल. तो गिरणीत झाला. चो ह्वा-सून नावाची मेथॉडिस्ट पंथाची एक बाई धर्मोपदेशक होती. १९६६ साली ती इंचॉन बंदरातील दोंगिल सूतगिरणीत उपदेश करण्यास न जाता सहा महिने साधी कामकरीण म्हणून राबावयास गेली. मुलींस शिकविण्यापूर्वी त्यांच्याकडून शिकावे हा तिचा उद्देश. ह्या ओळखीतून पुढे वाचनमंडळे निघाली, आणि १९७२ साली तेथील कामगारसंघाने एका स्त्रीस अध्यक्ष निवडले. देशात ही पहिलीच गोष्ट. १९७८ च्या फेब्रुवारीत संघाच्या निवडणुकीच्या दिवशी मालकांच्या बाजूच्या पुरुषांनी ह्या मुलींवर विष्ठा फेकली आणि त्यानंतर शंभरावर मुलींस कामावरून काढण्यात आले. हे लिहिणे अप्रिय आहे, कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात तर विशेषच. परंतु ते गाळून ह्या धर्मशास्त्राची गोष्ट सांगता येत नाही.

आता आपल्या जुन्नराकडे वळू. धर्म आणि श्रम ह्यांची गाठ येथे फार जुनी आहे. शहराच्या सभोवती डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. त्यांतील शिलालेखांत राजेरजवाड्यांची नावे थोडी, आणि धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी, वेळूचे काम करणाऱ्यांची श्रेणी अशी नावे आढळतात. धान्यवाल्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान केली. भिक्षूंसाठी ठेवलेला पैसा बुरूड आणि कासार ह्यांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिला जाई. दोन हजार वर्षांपूर्वी बुरुडांच्या श्रेणीची पत एवढी होती, की धर्मादायाची रक्कम तिच्या स्वाधीन करीत. पुढे त्याच मुलखात बुरुडास देवळाच्या पायरीपाशी थांबावे लागले.

जुन्नर तालुक्यातील ओतूरचे नाव वारकऱ्यांस तुकोबांच्या गुरूंमुळे ठाऊक आहे. बाबाजी चैतन्यांची समाधी तेथे आहे. परंतु गेल्याच्या मागच्या शतकात ओतूर गाजले ते निराळ्या कारणाने. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला, आणि पुढील दहा-बारा वर्षांत त्याची मुळे ज्या खेड्यांत रुजली त्यांत जुन्नरचा पट्टा प्रमुख होता. ओतूरचे भाऊ कोंडाजी डुंबरे पाटील हे त्यातील पुढारी. ह्या लोकांनी दोन गोष्टी केल्या. सावकारांच्या जमिनी त्यांनी लादलेल्या अटींवर कसण्याचे कुळांनी नाकारले; ह्या चळवळीस खतफोडीचे बंड असे नाव पडले. आणि लग्नकार्ये पुरोहितावाचून लावण्यास त्यांनी आरंभ केला. जुन्नरचा हातकागद एके काळी दफ्तरांसाठी नावाजलेला होता. कर्जाची खतेही कागदावरच लिहिली जात, ही मौज कोणाच्या लक्षात येईल तर येवो.

ह्या दोन गोष्टी एकत्र का आल्या, हे आमच्या वाचकांनी शांतपणे पाहावे अशी विनंती आहे, कारण येथे प्रश्न आपल्याच घराण्यांचा आहे. पुष्कळ खेड्यांत जोशीपणाचे वतन असे. यजमानाने बोलावो वा न बोलावो, लग्न झाले की दक्षिणेवर हक्क. कुळाच्या दृष्टीने पाहिले तर वर्षाचे पीक दोन खतांत वाटले जाई. एक सावकाराचे, दुसरे न लिहिलेले. दोन्ही त्यास वाचता न येणाऱ्या भाषेत. तेव्हा फुल्यांनी व्याजाची आणि मंत्रांची चिकित्सा एकाच पुस्तकात केली ह्यात नवल नाही. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली पुरा झाला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात शेतकऱ्याच्या घरी जन्मापासून मरणापर्यंत होणाऱ्या विधींचा खर्च मांडला आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत फुल्यांच्या व्याकरणाची थट्टा केली. ती वाचताना आमच्या आधीच्या पिढ्या खूप हसल्या असतील. शांतीबाजारातील शिंप्यास चिनी अक्षरे येत नाहीत म्हणून सेऊलमधील कोणी विद्वान हसला असता तर ते आपणांस कसे वाटले असते?

जुन्नर तालुक्यातील बाळाजी कुसाजी पाटील ह्यांजवर वतनदार जोशांनी दावा लावला आणि तो मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. असले तंटे पुढेही कित्येक वर्षे चालू राहिले. अखेर सीताराम केशव बोले ह्यांच्या खटपटीने १९२६ साली मुंबई इलाख्यात कायदा होऊन, न बोलाविलेल्या पुरोहिताचा दक्षिणेवरील हक्क संपला. जोशीबुवांची बाजूही होतीच. बहुतेक वतनदार गरीब, तीन-चार घरच्या भिक्षेवर संसार करणारे. त्यांच्या दृष्टीने हा पोटावर पाय होता. पण पोटाचा प्रश्न मान्य केला तरी, ज्याने काम सांगितलेच नाही त्याजकडून वेतन मागणे कोणत्या धर्मात बसते हे त्यांस सांगता आले नाही. १८८७ साली फुल्यांनी पूजाविधींचे जे पुस्तक काढले त्यात वधू भर मांडवात वरापाशी स्त्रियांचे हक्क मागते, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्या काळी असे बोलणारी नवरी आमच्यापैकी किती घरांत होती?

कोरियातील धर्मशास्त्राशी खरे नाते मात्र फुल्यांच्या एका अनुयायाचे आहे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचे मूळ गाव आंबेगाव तालुक्याच्या शेजारच्या खेड तालुक्यातील कन्हेरसर. मुंबईत ते एका गिरणीत कोठारावर कामास होते. १८८० पासून 'दीनबंधु' पत्र त्यांनी मुंबईत चालविले. गिरण्या तेव्हा उजाडल्यापासून दिवस मावळेतो चालत. आठवड्याच्या सुटीची कोणास हमी नसे. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळास कामगारांच्या सभा भरविल्या व साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या चौकशी मंडळाकडे धाडला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, जखमी कामगारास मदत, एवढेच मागणे. चॉन ते-इलच्या पत्रातील मागण्या शेजारी ठेवून वाचाव्या. शहाऐंशी वर्षांत जगाने किती मजल मारली ते दिसते!

रविवारच का? साहेबलोकांचा प्रार्थनेचा दिवस म्हणून, हे उत्तर सोपे आहे. परंतु रविवार हा खंडोबाचा वार, जेजुरीचा खंडोबा हा बहुसंख्य कामगारांचे कुलदैवत, म्हणून त्याच्या सेवेस तो दिवस मोकळा हवा, अशी लोखंड्यांची मांडणी होती, असे सांगतात. ही नुसती युक्ती होती असे आम्हांस वाटत नाही. कामगाराने मालकापाशी स्वतःसाठी वेळ मागितला की तो आळशी ठरतो. देवासाठी मागितला की मालकास उत्तर सुचत नाही. यहुदी लोकांच्या दहा आज्ञांत सातव्या दिवशी विसाव्याची जी आज्ञा आहे, तिच्यात दास, दासी आणि बैल ह्यांचाही नामनिर्देश आहे. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात दहा हजार कामगार जमले. त्यांत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपण जी सुटी सहकुटुंब उपभोगतो तिच्या मागे ही सभा आहे.

त्याच साली लोखंड्यांनी मुंबईच्या न्हाव्यांची सभा भरविली आणि विधवांचे केशवपन करणार नाही असा निश्चय त्यांजकडून करविला. कामगाराने स्वतःच्या पगारासाठी नव्हे, तर आपल्या हातून दुसऱ्याचा छळ होऊ नये म्हणून हत्यार खाली ठेवले. ह्यात वाचला तो आपल्याच माजघरातील स्त्रियांचा मान, आणि तो वाचविला ज्यांस आपण उंबऱ्याबाहेर बसवीत होतो त्यांनी. लोखंडे १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करीत असता त्याच रोगाने निवर्तले.

दोन्ही प्रवाहांतील भेद झाकून ठेवण्याचे कारण नाही. कोरियातील उपदेशक आपल्या धर्मात राहून आपल्या ग्रंथाशी भांडले. फुल्यांनी जुने ग्रंथ बाजूस सारून 'निर्मिका'ची नवी उपासना सांगितली. मात्र तेही येशूकडे बळीराजाच्या रांगेतील एक म्हणून पाहत, आणि ज्या बळीचे राज्य यावे असे आपल्या घरच्या स्त्रियाही दिवाळीत ओवाळताना म्हणतात तो त्यांचा देवाहून थोर राजा होता. पंढरीच्या वाटेवर सर्व समान. पण मजुरीचा दर वारीत कोणी विचारला नाही. कोरियातही सगळी देवळे कामगारांच्या बाजूस होती असे नव्हे. बहुतेक मोठी देवळे राज्यकर्त्यांच्या बाजूने किंवा मुकाट राहिली, आणि ह्या धर्मशास्त्राचे पाठीराखे नेहमी अल्पसंख्यच होते. विचार खरा असणे आणि त्याच्यामागे गर्दी असणे ह्या दोन गोष्टी निराळ्या.

ह्योन योंग-हाक ह्या आणखी एका कोरियन विद्वानाने खेड्यातील मुखवट्यांच्या नाचात धर्मविचार शोधला. त्या नाचात नोकर मालकाची व भिक्षूची टवाळी करतो, आणि हसता हसता लोक आपल्या दैन्यावर क्षणभर मात करतात. हे वाचून आम्हांस नारायणगाव आठवले. जुन्नर तालुक्यातील हे गाव तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर येथल्याच. प्रयोग चालू असता त्या पडद्याआड प्रसूत झाल्या व पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. आपल्या घरांत तमाशाचे नाव काढणे शिष्टसंमत नव्हते. विठाबाईंस राष्ट्रपतींचे पदक मिळाले. त्यांचे अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले आणि २००२ साली त्या निवर्तल्या.

श्रम आणि देव ह्यांचा मेळ आज पाहावयाचा असेल तर ग्रंथांकडे जाण्याची आवश्यकता नाही. मुंबईत घरोघरचे जेवणाचे डबे कचेऱ्यांत पोचविणारे डबेवाले बहुतांशी खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ ह्याच भागांतले. महादू हावजी बच्चे ह्यांनी हा धंदा १८९० साली सुरू केला. रविवारच्या सुटीचे तेच साल. बहुतेकांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि डोक्यावर पांढरी टोपी. अन्न पोचविणे हीच पूजा असे ते मानतात. मिळकत आपसांत वाटून घेण्याची त्यांची रीत, कामावर दारू पिणाऱ्यास दंड, आणि तीर्थक्षेत्री त्यांनी बांधलेल्या धर्मशाळा ह्या पुष्कळदा वर्णिल्या गेल्या आहेत. २०२० च्या महामारीने कचेऱ्या बंद पडल्या तेव्हा ह्या धंद्यास जबर तडाखा बसला व कित्येकांस गावाकडे परतावे लागले.

मुंबईतील आपल्या पुष्कळ घरांचा ह्या माणसांशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध आलेला आहे. डबा ठरलेल्या वेळी तयार नसेल तर ते थांबत नाहीत. ह्याची तक्रार आम्ही सासवा-सुनांच्या तोंडून ऐकली आहे. रविवारी डबा नाही म्हणून पुरुषमंडळी घरी जेवतात, आणि मग स्वयंपाकघरात दुप्पट काम पडते, हीही तक्रार त्यांचीच. सातव्या दिवसाचा विसावा घरातील बाईपर्यंत कोणीच पोचविला नाही. आणि घरकामास येणाऱ्या बाईपर्यंत तर नाहीच. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला तेव्हा त्यांच्या मागण्यांत सुटीचा प्रश्न होताच, आणि तो संप ज्या घरांविरुद्ध होता ती आपल्यासारखीच सुशिक्षित घरे होती. २००८ साली महाराष्ट्राने घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. महिन्यातून किती दिवस सुटी द्यावयाची हे मात्र अजून बहुधा ओट्यापाशीच ठरते.

डबेवाल्यांची एक सुटी मात्र कोणी ठरवून दिलेली नाही. चैत्राच्या सुमारास गावोगावच्या जत्रा लागतात, आणि ते सर्वजण पाच-सहा दिवस मुंबईचे काम बंद ठेवून आपापल्या गावी जातात. आधी ते गिऱ्हाइकांस कळवितात. परवानगी विचारीत नाहीत. त्या दिवसांत कचेरीतील बाबू मिळेल ते खाऊन घेतात, आणि इकडे कुकडी व घोड नद्यांच्या खोऱ्यांत कुलदैवतांच्या पालख्या निघतात, कुस्त्यांचे आखाडे भरतात, आणि नारायणगावी सुपाऱ्या घेतलेले फड एका गावाहून दुसऱ्या गावास रात्रीच्या रात्री निघालेले असतात.